गाडी नावावर चालत नाही

महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरात नव्या गाडीचा विषय निघाला की काही मते हमखास मांडली जातात: मारुती घेतली की देखभालीची चिंता नाही, टाटाचा पत्रा जाड असल्याने जिवाला धोका नाही, टोयोटा वीस वर्षे कुरकुरत नाही, ह्युंदाईत सोयी भरपूर, आणि फोक्सवॅगन किंवा स्कोडाच्या वाटेला नोकरदाराने जाऊ नये, कारण त्यांचे सुटे भाग खिशाला परवडत नाहीत. या सगळ्या मतांच्या मुळाशी एकच गृहीतक आहे. गाडीचा चांगलेवाईटपणा कंपनीच्या नावात असतो, ते नाव नीट निवडले की बाकीची चौकशी गौण ठरते, आणि त्यासाठी चार पैसे जास्त गेले तरी ते शेवटी वसूल होतात, असे ते गृहीतक आहे आणि ते चुकीचे आहे. पत, म्हणजे एखाद्या मालाबद्दल बाजारात असलेला विश्वास, ही विशिष्ट मॉडेलची असते, ते मॉडेल ज्या साली बनले त्या सालाची असते, आणि खरेदीदाराच्या गावापासून सर्व्हिस सेंटर किती दूर आहे यावरही अवलंबून असते. कंपनीच्या नावाला ती केवळ सवयीने चिकटवली जाते आणि या सवयीची किंमत सात-आठ लाखांचे कर्ज काढणाऱ्या कुटुंबाला मोजावी लागते.

या गृहीतकाची सर्वांत कडक परीक्षा अपघात-चाचण्यांनी घेतली आहे. ग्लोबल एनकॅप ही संस्था नवी गाडी ठरावीक वेगाने अडथळ्यावर आदळवते, आत बसवलेल्या पुतळ्यांच्या डोक्यावर, छातीवर आणि पायांवर किती आघात होतो ते मोजते आणि त्यानुसार शून्य ते पाच तारे देते. जानेवारी २०१४ मध्ये या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्यांचे निकाल जाहीर केले. मारुती अल्टो ८००, टाटा नॅनो, ह्युंदाई आय१०, फोर्ड फिगो आणि फोक्सवॅगन पोलो या पाचही गाड्यांना प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. भारतीय, जपानी, कोरियन, अमेरिकन आणि जर्मन अशी सगळी घराणी त्या यादीत होती आणि एकाचेही नाव प्रवाशाच्या उपयोगी पडले नाही, कारण पाचही गाड्या एअरबॅग नसलेल्या प्रकारातल्या होत्या. पोलो आणि फिगो यांचा सांगाडा टक्कर झाल्यावर टिकून राहिला, तर अल्टो, आय१० आणि नॅनो यांचा सांगाडा कमीअधिक प्रमाणात कोसळला. फोक्सवॅगनने त्यानंतर एअरबॅग नसलेली पोलो विकणे बंद केले, आणि दोन एअरबॅग असलेल्या पोलोला चार तारे मिळाले. कंपनी तीच, मॉडेलही तेच. गाडीत दोन एअरबॅग आहेत की नाहीत एवढ्या एका फरकाने शून्याचे चार झाले.

टाटाच्या गाड्या लोखंडासारख्या मजबूत असतात असे आज ठासून सांगणाऱ्यांनी ही २०१४ ची यादी पुन्हा पाहावी. जिचा सांगाडा कोसळला ती नॅनो याच कंपनीची होती. चार वर्षांनी, ऑगस्ट २०१८ मध्ये, टाटाच्या नेक्सॉनला चार तारे मिळाले, आणि कंपनीने सीटबेल्टची आठवण देणारी यंत्रणा व बाजूने होणाऱ्या टकरीपासूनच्या संरक्षणात सुधारणा केल्यावर त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये तिला पाच तारे मिळाले. भारतात बनून भारतातच विकल्या जाणाऱ्या गाडीला या संस्थेकडून पाच तारे मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. या यशाचे श्रेय कंपनीला द्यायलाच हवे, पण ते श्रेय नेक्सॉन आखणाऱ्यांचे आहे. ते मागे जाऊन नॅनोला लागू होत नाही आणि पुढे जाऊन न तपासलेल्या एखाद्या गाडीलाही आपोआप लागू होत नाही.

मारुतीच्या बाबतीत हाच प्रवास उलट्या पूर्वग्रहाला छेद देतो. नोव्हेंबर २०२० मध्ये मारुतीच्या एस-प्रेसोला शून्य तारे मिळाले आणि 'पत्र्याचा डबा' हे विशेषण मारुतीला कायमचे चिकटले, असे अनेकांनी धरून ठेवले. मात्र २०१८ मध्येच मारुतीच्या व्हिटारा ब्रेझाला चार तारे मिळालेले होते, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये नव्या डिझायरला पाच तारे मिळाले, तेही २०२२ पासून अधिक कडक केलेल्या निकषांवर. त्याच्याही आधीची एक गोष्ट अधिक बोलकी आहे. सुझुकीच्या स्विफ्टला युरोपात २०१० साली पाच तारे मिळाले होते आणि भारतात विकल्या जाणाऱ्या एअरबॅग नसलेल्या स्विफ्टला २०१४ मध्ये शून्य मिळाले. कंपनीला सुरक्षित गाडी बनवता येत नव्हती असे नाही. कायद्याची सक्ती नव्हती आणि ग्राहक मागत नव्हता, म्हणून ती येथे विकली जात नव्हती. चालकासाठीची एअरबॅग सर्व गाड्यांना सक्तीची झाली ती जुलै २०१९ मध्ये, आणि शेजारच्या आसनासाठी त्यानंतर. त्यामुळे त्यापूर्वीच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात कोणत्याही कंपनीचे नाव पाहून सुरक्षिततेबद्दल निर्धास्त होणे धोक्याचे आहे.

शोरूममध्ये एक दृश्य नेहमी दिसते. गाडीभोवती फिरताना माणूस दाराच्या पत्र्यावर अंगठा दाबून पाहतो, मग दार जोरात लावून त्याचा आवाज ऐकतो, आणि पत्रा दबला नाही व आवाज जड आला तर मान डोलावतो. या चाचणीतून सुरक्षिततेबद्दल काहीही कळत नाही. दाराचा बाहेरचा पत्रा ही केवळ गाडीची कातडी असते. टकरीचा भार पेलतो तो आतला सांगाडा, म्हणजे छताला आधार देणारे खांब, दारांमधले आडवे दांडे आणि आसनांभोवतीचा पिंजरा, आणि हे भाग उच्च ताकदीच्या पोलादाचे आहेत की साध्या, हे अंगठ्याला कळू शकत नाही. शिवाय गाडीचा पुढचा भाग टकरीत मुद्दाम चुरगळावा अशीच त्याची रचना असते, कारण चुरगळताना तो आघाताची ऊर्जा शोषून घेतो आणि प्रवाशांच्या शरीरापर्यंत कमी पोहोचू देतो. अपघातानंतर बोनेटचा चुराडा झालेले छायाचित्र पाहून गाडीला नावे ठेवणे आणि न चेपलेले बोनेट पाहून कंपनीचे कौतुक करणे, या दोन्ही गोष्टी म्हणूनच निराधार आहेत. पाहायला हवे ते एवढेच की बसण्याची जागा शाबूत राहिली का आणि एअरबॅग वेळेवर उघडल्या का.

नावांची पत किती चटकन आणि किती वेगवेगळ्या कारणांनी बदलते हे मुंबईने जवळून पाहिले आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात फियाटच्या आराखड्यावर बनणारी प्रीमियर पद्मिनी ही एकेकाळी भरवशाची गाडी मानली जाई, आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती शहराची ओळख झाली. ही पत खोटी नव्हती, पण ती दोन गोष्टींवर उभी होती: परवाना-पद्धतीमुळे ग्राहकाला निवड फारशी नव्हती, आणि प्रत्येक नाक्यावर तिचे इंजिन उघडून बसवणारा मेकॅनिक होता. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, निवड करण्याची सोय झाली, आणि पद्मिनीच्या नावाचे वजन पाहता पाहता उतरले. पुढे उत्पादन थांबले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये टॅक्सींसाठीच्या वीस वर्षांच्या मर्यादेमुळे शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. ज्या नावावर लोकांनी वर्षानुवर्षे नंबर लावले त्या नावाची नवी गाडी आज मिळत नाही.

नाव बाजारातून उठून जाऊ शकते, ही शक्यता नावावर विसंबणारे लक्षात घेत नाहीत. जनरल मोटर्स ही जगातल्या सर्वांत मोठ्या वाहन कंपन्यांपैकी एक, पण २०१७ अखेर तिने भारतातली शेव्हरलेटची विक्री बंद केली, २०२० च्या डिसेंबरात तळेगावचा कारखानाही थांबवला आणि तो पुढे ह्युंदाईने घेतला. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातले उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. दोन्ही कंपन्यांनी सेवा आणि सुटे भाग चालू ठेवण्याची हमी दिली, तरी गाडी विकायला काढणाऱ्या मालकाची अडचण त्या हमीने सुटली नाही. दुसऱ्या बाजूला एमजी हे मूळचे ब्रिटिश नाव २०१९ मध्ये भारतात आले ते शांघायच्या सेइक कंपनीच्या मालकीचे होऊन, आणि त्याच्या गाड्या बनू लागल्या त्या जनरल मोटर्सने सोडलेल्या हालोलच्या कारखान्यात. 'ब्रिटिश गाडी' म्हणून ती घेणाऱ्याने नेमक्या कोणत्या परंपरेवर विश्वास ठेवला, हा प्रश्न गंभीरपणे विचारायला हवा.

याहून स्पष्ट पुरावा मारुती आणि टोयोटा यांच्या करारातून मिळतो. २०१९ साली टोयोटाने ग्लान्झा नावाची गाडी आणली. ती मारुतीची बलेनोच होती; सुझुकीच्या गुजरातमधल्या कारखान्यात बनलेली, तेच इंजिन, तोच सांगाडा, फक्त बोधचिन्ह बदललेले. मारुतीच्या गाडीला पत्र्याचा डबा आणि टोयोटाच्या गाडीला जन्माची सोबत म्हणणाऱ्या माणसाला या दोन गाड्यांबद्दल एकाच वेळी दोन परस्परविरोधी मते बाळगावी लागतात. त्या वेळी दोघींत खरा फरक होता तो लेखी हमीचा: ग्लान्झाला तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटर, तर बलेनोला दोन वर्षे किंवा चाळीस हजार किलोमीटर. जुलै २०२४ मध्ये मारुतीनेही आपली हमी तीन वर्षे आणि एक लाख किलोमीटरपर्यंत नेली. करारपत्रात लिहिलेली हमी न्यायालयात दाखवता येते, ग्राहक आयोगासमोर मांडता येते. नावाची पत तशी मांडता येत नाही. ह्युंदाईला अमेरिकेत १९८० च्या दशकातल्या एक्सेल गाडीमुळे वाईट नाव मिळाले तेव्हा तिने ते धुऊन काढले ते जाहिरातीच्या बळावर नव्हे, तर इंजिन व गिअरबॉक्सला दहा वर्षे किंवा एक लाख मैलांची हमी देऊन. ज्या कंपनीकडे नाव नव्हते तिला कागदावर सही करावी लागली, आणि ग्राहकाचा फायदा त्या सहीनेच झाला.

आता पैशांकडे वळता येईल, कारण नावाच्या बाजूने केला जाणारा सर्वांत जोरदार दावा पैशांचाच आहे. चांगल्या नावाची गाडी विकताना जास्त किंमत देते, ज्याला बाजारात रीसेल म्हणतात, म्हणून नावासाठी दिलेला जादा पैसा वाया जात नाही, असा हा दावा आहे. तो पूर्णपणे खोटा नाही. तीन-चार वर्षांत गाडी बदलणाऱ्याला त्याचा उपयोग होतो. मात्र रीसेलची किंमतसुद्धा मॉडेलनुसार ठरते, नावानुसार नाही. मारुतीने २०११ मध्ये किझाशी ही महागडी सेदान आणली आणि ती काही वर्षांतच बंद पडली. टोयोटाने २०१८ मध्ये आणलेली यारिस २०२१ मध्ये बंद केली. ज्या दोन नावांच्या रीसेलची उदाहरणे दिली जातात त्याच नावांच्या या गाड्या होत्या. आणि जो माणूस दहा-बारा वर्षे एकच गाडी वापरणार आहे, म्हणजे ज्या वर्गाबद्दल ही चर्चा चालली आहे त्यातली असंख्य कुटुंबे, त्याच्या बाबतीत बारा वर्षांनी भाव ठरतो तो गंज, अपघाताचा इतिहास आणि सर्व्हिसिंगच्या नोंदी यांवर.

गाडीचा खरा खर्च कुठे होतो हे आकडे मांडले की कळते. विमा कंपनी गाडीची जी किंमत धरते तिला विमाघोषित मूल्य किंवा आयडीव्ही म्हणतात, आणि ते ठरवण्याच्या कोष्टकात चार ते पाच वर्षे वयाच्या गाडीसाठी मूळ किमतीत ५० टक्के घट धरलेली असते. दहा लाखांची गाडी पाचव्या वर्षी पाच लाखांची धरली जाते, म्हणजे सरासरी वर्षाला एक लाख रुपये केवळ घसाऱ्यात जातात. याउलट घरात ज्यावरून वाद होतात त्या ॲव्हरेजचा हिशेब पाहावा. वर्षाला दहा हजार किलोमीटर चालणारी गाडी लिटरला पंधराऐवजी वीस किलोमीटर देत असेल, तर लिटरला १०५ रुपये धरून वर्षाची बचत १७,५०० रुपये होते. ही रक्कम लहान नाही, पण घसाऱ्यापुढे ती सहाव्या हिश्श्याहून थोडी अधिक भरते. शिवाय ॲव्हरेजही कंपनीच्या हातात पूर्णपणे राहिलेले नाही. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याबाबत नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानेच त्यासाठी न आखलेल्या चारचाकी गाड्यांची इंधनक्षमता ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज दिला होता.

कर्जाचा हिशेब तर याहून दुर्लक्षित राहतो. आठ लाखांचे कर्ज नऊ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे १६,६०० रुपये बसतो आणि एकूण व्याज सुमारे १ लाख ९६ हजार होते. तेच कर्ज सात वर्षांवर नेले तर हप्ता सुमारे १२,९०० रुपयांवर येतो, पण व्याज २ लाख ८१ हजारांवर जाते. कमी हप्त्याच्या मोहाने कुटुंब ८५ हजार रुपये जास्त मोजते, आणि बहुतेक वेळा हा मोह दाखवला जातो तो मोठ्या नावाच्या किंवा वरच्या प्रकारच्या गाडीकडे वळवण्यासाठीच. या खर्चाशी कंपनीच्या नावाचा काडीचाही संबंध नाही.

ऑन-रोड किमतीचा कागदही असाच बारकाईने वाचायला हवा. त्यात एक्स-शोरूम किमतीखाली आरटीओचा कर असतो, जो महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के आणि तेवढ्याच किमतीच्या डिझेल गाडीला १३ टक्के आहे. त्याखाली विमा असतो, ज्यात त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा भाग सप्टेंबर २०१८ पासून नव्या गाडीला तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. त्याखाली ॲक्सेसरीजचा संच, वाढीव वॉरंटी, आणि कधी हाताळणी शुल्काच्या नावाखाली एखादी रक्कम येते. कर टाळता येत नाही. विमा मात्र डीलरकडूनच घेतला पाहिजे अशी सक्ती नाही, ॲक्सेसरीजचा संच नाकारता येतो, आणि हाताळणी शुल्क कशाचे हे लेखी विचारता येते. केंद्राचा करही कंपनीच्या नावावर ठरत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर जीएसटी १८ टक्के झाला आणि त्याहून मोठ्यांवर ४० टक्के. चार मीटरची ही मेख जुनी आहे. तिच्यासाठीच २०१२ साली डिझायरची डिकी छाटून गाडी चार मीटरच्या आत बसवली गेली. गाडीच्या किमतीवर एवढा मोठा परिणाम करणारी ही रेषा सरकारने आखलेली आहे.

नावाच्या समर्थकांचा एक मुद्दा मात्र मान्य करायलाच हवा. गडचिरोली किंवा सिंधुदुर्गातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या माणसाला मारुतीचे सर्व्हिस सेंटर जवळ मिळते आणि दुसऱ्या एखाद्या कंपनीसाठी त्याला जिल्हा ओलांडावा लागतो, तेव्हा त्याने मारुती घेणे शहाणपणाचे आहे. पण हे शहाणपण अंतर, सुट्या भागांची उपलब्धता आणि गाडी किती दिवस उभी राहील या तीन गोष्टी तपासून आलेले आहे. पुण्याच्या कोथरूडमध्ये राहणाऱ्या माणसाने तोच निष्कर्ष न तपासता उचलला तर त्याला आधार राहत नाही, कारण त्याच्या घराभोवती पाच-सहा कंपन्यांची सर्व्हिस सेंटरे असतात. त्याने त्या सेंटरच्या दारात उभे राहून गाड्या घ्यायला आलेल्या मालकांशी अर्धा तास बोलावे. तेवढ्या वेळात त्याला कंपनीच्या जाहिरातीतून कधीही न कळणारी माहिती मिळेल.

सामान्य माणसाला एवढी चौकशी करायला वेळ कुठे आहे, हा शेवटचा आक्षेप. वास्तविक चौकशी तो करतोच. महिनोन्‌महिने करतो, मामांना, साहेबांना, शेजाऱ्यांना विचारतो. पण ते उत्तर देतात ते स्वतःच्या आठ-दहा वर्षांपूर्वीच्या गाडीबद्दल, जी आता बनत नाही, जिचे इंजिन एप्रिल २०२० च्या बीएस-६ प्रदूषण-निकषांआधीचे होते आणि जिचा सांगाडा वेगळा होता. त्यांचा अनुभव खरा असतो, आणि तरी नव्या गाडीला तो लागू नसतो. ग्राहकाचा दोष इतकाच की तो जुने उत्तर नव्या प्रश्नाला लावतो. मोठा दोष आहे तो त्याला नवी माहिती सहज न देणाऱ्या व्यवस्थेचा.

ही माहिती देण्याची साधने आता देशात आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने भारत एनकॅप ही स्वतःची अपघात-चाचणी पद्धत जाहीर केली आणि ऑक्टोबरपासून ती सुरू झाली. तीत प्रौढ आणि मुले यांच्यासाठी वेगवेगळे तारे दिले जातात. एप्रिल २०२१ पासून सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी, ठरावीक संख्येने तक्रारी आल्यास, सक्तीच्या रिकॉलची, म्हणजे दोष असलेल्या गाड्या परत बोलावून विनामूल्य दुरुस्त करण्याची तरतूदही नियमांत आहे. परंतु भारत एनकॅप ऐच्छिक आहे. ज्या मॉडेलला कमी तारे मिळण्याची भीती आहे ते कंपनीने चाचणीला पाठवलेच पाहिजे असे बंधन नाही. ही चाचणी प्रत्येक मॉडेलच्या सर्वांत स्वस्त प्रकारासाठी सक्तीची करावी, मिळालेले तारे आणि त्या मॉडेलच्या रिकॉलचा इतिहास गाडीच्या काचेवर किमतीच्या शेजारी छापणे बंधनकारक करावे, आणि तोवर प्रत्येक खरेदीदाराने सही करण्यापूर्वी या दोन गोष्टी विक्रेत्याकडून लेखी मागाव्यात.